पुस्तकातला तो आणि आमचे दादा

मी रत्नागिरीजवळ पावसच्या बाजूला घरी जाऊन पेशंट बघते. त्यातलेच एक दादा, वय ३४. चार वर्षांपूर्वी आंबे उतरवायची घळ घेऊन कलमावर चढलेले, फांदी मोडली आणि मानेचा मणका गेला. हात कोपरात वळतात, बोटं नाही, खालचं काहीच नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, पोट साफ करणं, सगळं वहिनी आणि मी मिळून करतो.

मे महिन्यात त्यांच्या बहिणीने मुंबईहून एक कादंबरी आणली. इंग्लंडमधला श्रीमंत मुलगा, अपघातानंतर मानेखाली लुळा, त्याला सांभाळायला आलेली मुलगी आणि मग प्रेम. रोज दुपारी मी एक प्रकरण वाचायचे, दादा डोळे मिटून ऐकायचे, वहिनी दारात तांदूळ निवडत बसायच्या. मला आवडत होती गोष्ट, पण इतक्या पानांत युरिन बॅग किती वेळा येते ते मी बघत होते, फारच कमी येते हो, आणि आमच्याकडे तर अर्धा दिवस तिच्याभोवतीच फिरतो.

त्या दिवशी जूनचा धो धो पाऊस, लाईट गेलेली. शेवटाकडे आलो होतो. तो मुलगा स्वित्झर्लंडला जाऊन मरायचं ठरवतो, ते वाचत होते आणि बघते तर दादांचा चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. मला वाटलं गोष्ट लागली मनाला, म्हणून मी पान उलटून पुढे वाचत राहिले. ती दोन मिनिटं मला अजून टोचतात. मग ते म्हणाले, "सिस्टर, डोकं फुटतंय."

बीपी १९० वर ११०. एरवी त्यांचं वरचं शंभरच्या आतच असतं! छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असली की असं होतं, लघवी तुंबली तरी ते पेशंटला कळत नाही पण शरीराला कळतं, खालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतच जातं, अगदी मेंदूत रक्तस्राव होईपर्यंत. झटकन उठवून बसवलं, पाय खाली सोडले, पट्टा सैल केला. नळी कुठे दुमडलेली नव्हती, आत गाळ बसून चोंदलेली. वहिनींनी मोबाईलचा टॉर्च धरला, त्यांचा हात जराही हलला नाही, मी कॅथेटर बदलला आणि लघवी धो धो आली. दहा मिनिटांत बीपी खाली. डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं.

चहा झाल्यावर दादाच म्हणाले, संपव ते पुस्तक. संपवलं. बराच वेळ गप्प होते, मग विचारलं, "आपल्याकडे असं करता येतं?" मी म्हटलं नाही, असं औषध घेऊन मरता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०११ ला आणि मग २०१८ ला फक्त बरा न होणाऱ्या पेशंटचे जगवणारे उपचार थांबवायला परवानगी दिलीय. अरुणा शानभागचं सांगितलं, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचीच नर्स, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेली, तिथल्या नर्सेसनी तिला चार दशकं सांभाळलं, २०११ ला कोर्टात त्या तिच्या मरणाच्या विरोधात उभ्या राहिल्या.

दादा म्हणाले, "तिला बोलता येत नव्हतं. मला येतं. मगाशी डोकं फुटत असताना मी काय म्हणत होतो, ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. "लवकर कर, लवकर कर," एवढंच म्हणत होते.

वहिनी उठून आत गेल्या, तांदळाचं ताट तसंच दारात राहिलं. सहा वाजले होते, मी दादांना डाव्या कुशीवर वळवलं.