थांबता थांबेना: सायन्स ऑलिम्पियाडच्या विजेवरच्या गाडीची तिसरी नोंद

मागची नोंद लिहिली तेव्हा गाडी पळायला लागली होती आणि घरात उत्सव होता. तो आता ओसरलाय. पळवणं हे एका दुपारचं काम निघालं. थांबवण्यात चार आठवडे गेले आणि अजून जाताहेत.

पहिल्या दोन नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. लेक इथे न्यू जर्सीत अकरावीला आहे. सायन्स ऑलिम्पियाड ही इथली शाळांची विज्ञान स्पर्धा. तिच्या सी विभागात, म्हणजे नववी ते बारावीच्या गटात, तिने आणि तिच्या मैत्रिणीने ‘इलेक्ट्रिक व्हेइकल’ घेतलंय. बॅटरीवरची गाडी ठरलेल्या अंतरावर जाऊन आपली आपण थांबली पाहिजे. रिमोट नाही, मध्येच हात लावणं नाही. लागलेला वेळ आणि चुकलेलं अंतर मिळून गुण होतात. जितके कमी तितकं बरं. खरी मेख म्हणजे अंतर किती, ते गाडी आयोजकांकडे जमा केल्यावर सांगतात. त्यानंतर आठ मिनिटांत मांडामांड आणि दोन फेऱ्या. गाडी मुलींनीच बांधायची असल्यामुळे माझं काम खुर्चीत बसून प्रश्न विचारणं. ‘सोड, मी करतो’ हे वाक्य दिवसातून दहादा गिळतो.

थांबवायची युक्ती जुनीच. मागचा आस म्हणजे आटे पाडलेला पाव इंची रॉड, इंचाला 20 आटे. त्यावर कान असलेला विंगनट. नटाचा एक कान शेजारच्या सळईला टेकलेला, म्हणून तो आसाबरोबर फिरत नाही, आट्यांवरून नुसता सरकतो. एका फेऱ्याला 1.27 मिलिमीटर. आमची चाकं जुन्या सीडींची, 120 मिलिमीटर व्यासाची, म्हणजे एका फेऱ्यात 377 मिलिमीटर अंतर कापतात. 9 मीटरला जवळजवळ 24 फेरे, आणि तेवढ्यात नट सरकतो 30 मिलिमीटर. सरकत सरकत तो वाटेतल्या अडणीला, म्हणजे अडथळ्याला, टेकला की गाडी थांबते. त्यामुळे सुरुवातीला तो कुठे उभा करायचा, एवढंच ठरवायचं. कागदावर इतकं सोपं, की मुलींनी पहिल्या दिवशीच सगळ्या अंतरांचा तक्ता करून वहीत चिकटवला. तो तक्ता नंतर टराटरा फाटला, पण ते पुढे.

आधी नट सरळ अडणीवर जाऊन आवळायचा आणि आस जागीच जाम व्हायचा. बंद आस म्हणजे घसरणारी चाकं. आमच्या तळघरातल्या फरशीवर गाडी घसरून एक वीत पुढे जायची, शाळेच्या जिमच्या लाकडी जमिनीवर तीन विती. शिवाय आवळलेला नट सोडवायला पक्कड लागायची, तिथे आठ मिनिटं कुणाला पुरणार?

मग मुलींनी अडणीच्या जागी मायक्रोस्विच, म्हणजे हलक्या दाबाने चालणारं चिमुकलं बटण, बसवला. याला तीन पाय असतात. मधला मोटरला, नेहमी जोडलेला पाय बॅटरीला, आणि दाबल्यावर जोडला जाणारा पाय मोटरच्याच दुसऱ्या टोकाला. नटाने स्विच दाबला की बॅटरी सुटते आणि मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात. फिरती मोटर त्या क्षणी जनित्र होते, स्वतःच तयार केलेला प्रवाह स्वतःलाच अडवतो, आणि चाक न घसरता वेग पडतो. हे पहिल्यांदा नीट चाललं तेव्हा लेक म्हणाली, “बाबा, हे तर फुकटचं ब्रेक आहे.” फुकट नाही, वेग कमी झाला की हा ब्रेकही ढिला पडतो, आणि शेवटचे काही सेंटिमीटर गाडी रेंगाळत जाते. पण ते रेंगाळणं दरवेळी जवळपास सारखंच असतं, आणि सारखी चूक तक्त्यात घालता येते. आमची सगळी मदार आता यावर आहे.

आता तक्ता का फाटला ते. मागच्या शनिवारी सीडींच्या कडांवरचं फुग्याचं रबर विरलं, म्हणून मुलींनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चिकटवल्या. पकड झकास. पण 9 मीटरची गाडी 9 मीटर 15 सेंटिमीटरवर जाऊन उभी! दोघी तासभर स्विच तपासत बसल्या. मी खुर्चीतून एवढंच विचारलं, “चाकाचा व्यास मोजलात का?” ट्यूबचं रबर फुग्यापेक्षा साधारण 1 मिलिमीटर जाड. व्यास 2 मिलिमीटरने वाढला, परीघ 6.28 ने, आणि 24 फेऱ्यांत बरोबर 15 सेंटिमीटर! उत्तर जुळलं तेव्हा नेमबाजीत मेडल मिळाल्यासारख्या नाचल्या. त्यानंतर दोन तास नवा तक्ता.

बॅटरीचा किस्सा छोटा. निकेल-मेटल हायड्राइडचे सहा सेल, छापील 7.2 व्होल्ट. चार्जरवरून नुकते काढलेले असले की व्होल्टेज वर असतं आणि पहिली फेरी जोरात जाते. त्यामुळे सेल चार्ज झाल्यावर अर्धा तास ठेवून, मीटर लावून, मगच फेरी. वहीत प्रत्येक फेरीसमोर व्होल्टेज लिहितात.

खरी डोकेदुखी अजून बाकी आहे, ती म्हणजे सरळ जाणं. गाडी दर वेळी डावीकडे वळते. हिशेब केल्यावर मीच चकित झालो. पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर 25 सेंटिमीटर धरा. पुढचा आस फक्त एक दशांश अंशाने तिरका असेल, तर 9 मीटरवर गाडी 28 सेंटिमीटर बाजूला जाते. एक दशांश अंश म्हणजे 15 सेंटिमीटर लांब आसाचं एक टोक पाव मिलिमीटरने पुढे. लाकडी चौकटीत हाताने पाडलेल्या भोकात पाव मिलिमीटर सांभाळायचं म्हणजे देवच पाहिजे. मुलींनी आता पुढच्या आसाचं एक टोक लंबोळ्या खाचेत बसवलंय आणि मागून एक बारीक आट्यांचा स्क्रू लावलाय. स्क्रूचा अर्धा फेरा दिला की गाडी किती सरते, ते वहीत लिहिणं सुरू आहे.

एक बारीक गोष्ट, पण तिने आम्हाला आठवडाभर फसवलं. चाकांना धूळ चिकटली की सगळे आकडे हलतात. आता दर फेरीआधी ओल्या फडक्याने चाकं पुसणं सक्तीचं. घरात कधी झाडू न उचलणारी लेक तळघराची फरशी दोनदा पुसते, हे तिच्या आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्या म्हणाल्या, “गाडीला इतकी माया, तर ओट्यालाही थोडी लाव.”

काल रात्रीचे शेवटचे पाच आकडे, लक्ष्य 8.5 मीटर: चुकी 4, 3, 6, 3 आणि 21 सेंटिमीटर. एकवीसवालीत नटाचा कान सळईवरून सटकला होता. उद्या कान कानशीने सपाट करणार आहेत, आणि सळईला एक नळी चढवणार आहेत. कानस कुठे ठेवलीय, हे मी सांगितलेलं नाही. अर्धा तास शोधताहेत.