घरात बायका किती?

गावाकडच्या आठवणींची पुस्तकं मला दोन जातींची दिसतात. एका जातीत विहिरीचं पाणी अमृत असतं, आजीच्या हातच्या भाकरीला तोड नसते, भावाभावांत बांधावरून कधी भांडण झालेलं नसतं आणि शेवटच्या पानावर लेखक शहरातल्या फ्लॅटच्या गॅलरीत उभा राहून सुस्कारा टाकतो. ही पुस्तकं मी लायब्ररीतून आणते आणि तशीच परत करते. दुसऱ्या जातीत घरातला प्रत्येक माणूस कुठूनतरी थोडा तिरपागडा असतो, आणि लेखक ते अगदी तोंड सरळ ठेवून सांगत असतो. असं पुस्तक हातात आलं की घरातल्यांचं काही खरं नसतं, कारण मग मी भाजी चिरणाऱ्याला, आंघोळीला निघालेल्याला, झोपायला आलेल्याला पकडून 'थांब थांब, एवढंच ऐक' करत पानंच्या पानं वाचून दाखवते आणि वाचताना मलाच इतकं हसू येतं की ऐकणाऱ्याला कळत काहीच नाही, तो नुसता माझ्याकडे बघत बसतो.

तोंड सरळ ठेवून सांगणं, हे सगळ्यात अवघड. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' उघडून बघा. पहिला भाग 1934 ला आला, म्हणजे पुस्तक नव्वदीच्या पुढचं, आणि अजून कुठलंही पान काढा, कालच शेजारच्या काकूंनी जिन्यात उभं राहून सांगितल्यासारखं वाटतं. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं इतकं वेड की बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायची नाही. आता हे खरं तर भयंकर आहे हो. त्या घरातल्या बायकांचे काय हाल होत असतील याचा नुसता विचार करून बघा. पण बाई कुठेही कपाळावर हात मारून घेत नाहीत, 'बघा मी किती सोसलं' म्हणत नाहीत, आज डाळ केली उद्या भात केला अशा आवाजात सांगून मोकळ्या होतात. आपण आधी हसतो आणि मग दोन पानं पुढे गेल्यावर पोटात खड्डा पडतो.

आणि रेव्हरंड टिळक! शाळेत आपण त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून शिकलो, 'केवढे हे क्रौर्य' म्हणताना वर्गात दोघीतिघी रडायच्या. तो कवी घरात कसा होता ते बायकोला विचारा. कधी उठून कुठे जाईल नेम नाही, खिशातला पैसा दुसऱ्याच्या हातावर कधी जाईल नेम नाही, आणि 1895 ला तर माणूस ख्रिस्ती होऊन बसला आणि इकडे त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईवर आकाश कोसळलं. पुढे काही वर्षं ताटातूट, मग त्या नगरला त्यांच्याकडे गेल्या, मग स्वतःच्या मनाने, स्वतःला पटल्यावर, त्यांनीही धर्म बदलला. एवढं सगळं सांगताना नवऱ्यावरचा राग आहे, माया आहे आणि मधेमधे अशी एखादी कोपरखळी आहे की टिळक असते तर तेही हसले असते. पण ते नव्हते ना, 1919 लाच गेले होते. मला यातली गंमत फार उशिरा लक्षात आली. हयातभर घरात आणि बाहेर टिळकांचा शब्द चालला आणि शेवटचा शब्द मात्र जिला त्यांनीच लिहावाचायला शिकवलं तिचा! अशा पुस्तकातलं हसणं हे हसणं कमी आणि राहिलेली उधारी वसूल करणं जास्त असतं, असं मला वाटतं. पण सावकारासारखी जप्ती आणून नाही, चहा पाजून, गप्पा मारत, हसत हसत.

म्हणून गावावरचा विनोद वाचताना मी आधी बघते की सांगणारा उभा कुठे आहे. शहरातून आलेला पाहुणा गावच्या बोलीला हसतोय का? 'काय म्हंतासा' असं लिहिलं की झाला विनोद असं समजणारे लोक आहेत, आणि त्यांचं मला काही कौतुक नाही. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघं कथाकथनाला गावोगाव फिरायचे तेव्हा हसणारे लोक स्वतःच्याच गावाला हसत होते, कारण सांगणारा पारावर त्यांच्यातच बसलेला असायचा. त्या तिघांच्या सांगण्याची तऱ्हासुद्धा आपापली, एक माणदेशी, एक कोल्हापूरकडचा, एक पंढरपूर अकलूज भागातला. आमच्याकडे त्यांची एक कॅसेट होती, ती मधेच गुंडाळायची, पेन्सिलीने फिरवून परत लावायची, त्यामुळे एका गोष्टीतला एक तुकडा आमच्या घरात कुणीच कधी ऐकलेला नाही. तरी हसायचं तिथे सगळे हसायचे.

अर्थात गावात पारावर कुणाला बसता येत होतं आणि कुणाला नाही, हेही आहेच. 1978 ला दया पवारांचं 'बलुतं' हे दलित आत्मकथन आलं आणि त्यानंतर नुसतं गोड गोड गाव लिहिणं अवघड व्हायला पाहिजे होतं. तसं फारसं झालेलं दिसत नाही, गोड गावं अजून छापून येतायत. त्यावर मी इथे जास्त बोलत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. फक्त हसवणाऱ्या लेखकाला आपलं घर गावाच्या कुठल्या अंगाला होतं ते माहीत असावं, एवढंच.

हे सगळं माझ्या डोक्यात यायचं कारण म्हणजे आमच्या घरचा रेडिओ. आमचं गाव खटाव तालुक्यात, पाऊस बेताचा, विनोदाला मात्र कधी दुष्काळ नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, कांद्याचे पैसे आले त्या वर्षी ट्रान्झिस्टर आणला. आजीने त्याला जुन्या खणाचं झबलं शिवलं. त्या काळी रेडिओला लायसन लागायचं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि त्याचं पुस्तक ठेवायचं. आप्पांचं म्हणणं, रेडिओ मी विकत घेतला, वारा देवाचा, गाणं लताबाईंचं, मग पोस्टाला पैसे कशाचे? त्यामुळे लायसन नव्हतं आणि त्यामुळे गावात पिशवी घेतलेला अनोळखी माणूस दिसला की रेडिओ लपवायची धांदल.

1971 ला शिरगणती होती. गावात नव्यानेच बदलून आलेले मास्तर कागदांचं बाड घेऊन दारात आले, आजीने ओळखलं नाही, पोस्टाचाच माणूस म्हणून तिने चालता रेडिओ बंद करून झबल्यासकट धान्याच्या कणगीत घातला, वर पोतं टाकलं आणि राखणीला तात्यांना बसवलं. तात्या म्हणजे माझे चुलते, तेव्हा चड्डीत होते. मास्तर सोप्यात बसले, पाणी प्याले, नावं लिहायला लागले. त्यांनी विचारलं, घरात बायका किती? आजी म्हणाली, तीन, म्या, थोरली सून अन् ही पोरगी. आणि कणगीतून लताबाई गायला लागल्या.

मास्तर म्हणे शांतपणे कणगीकडे बघत राहिले आणि विचारलं, 'ह्यांचं नाव राहिलं का?'

आजी म्हणाली, 'त्या पाव्हण्या हायत.'

इथपर्यंत घरात सगळ्यांचं एकमत आहे. पुढे दोन पक्ष. आत्याचं म्हणणं, तात्यांनी हात घालून रेडिओचा कान पिळला. तात्यांचं म्हणणं, उंदीर. कणगीत उंदीर होता, त्याचा धक्का लागला आणि बटण फिरलं. पन्नास वर्षं झाली, तात्या आजोबा झाले, सोसायटीचे चेअरमन होऊन उतरले, पण उंदीर सोडत नाहीत. आप्पा सोप्यातून म्हणाले की सेल संपले की जातील पाव्हण्या, असाही एक शेवट आहे, पण तो आत्याला मान्य नाही, आप्पा त्या दिवशी वडूजला बाजाराला गेले होते म्हणते. ती बहुतेक तात्यांचीच भर. चांगली आहे भर, मी सांगताना ठेवते.

तर ही आत्या आता आठवणी सांगायला लागलीय. लिहायला नाही, डोळे दुखतात, मोबाईलवर मला व्हॉइस नोट पाठवते. मागे कुकरच्या शिट्ट्या, कुणालातरी 'दार लाव' म्हणणं, सगळं त्यात येतं. सांगते झकास. आप्पांचा राग, आजीने त्या रागावर काढलेल्या युक्त्या, पाहुणे बघायला आले तेव्हा चहात साखरेऐवजी काय पडलं. आणि त्याच आवाजात, त्याच चालीत, सातवीनंतर तिची शाळा कशी बंद केली ते पण सांगितलं. हायस्कूलला चालत जावं लागायचं, आप्पा म्हणाले पोरीच्या चपला झिजतील, तर ही म्हणाली मी अनवाणी जाते, तर आप्पा म्हणाले मग पाय झिजतील. आत्या हे सांगून स्वतःच एवढी हसली की नोट तिथेच संपली. मी ती परत परत ऐकली. आप्पांना मी फार प्रेमळ आजोबा म्हणून ओळखते, मला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवलेले आप्पा. आता त्यांचा फोटो बघितला की मला त्या चपला आठवतात. आत्याला विचारलं, तुला राग नाही येत? म्हणाली, आला की, चांगला वीस वर्सं आला, मग कट्टाळा आला.

मी हे टाईप करून घरच्या ग्रुपवर टाकायला लागले आणि भांडणं सुरू झाली. बाबांना आप्पांची चप्पल आवडली नाही, अंगठा पण दिला नाही. आईने चहाचा किस्सा खोटा ठरवला कारण चहा तिने केला होता. एका चुलत बहिणीला वाटतं तिच्या आईचा उल्लेख कमी आहे. आत्या ग्रुपवर काही बोलत नाही, दुसऱ्या दिवशी मला पुढची नोट पाठवते.

तात्या मात्र पेटले. म्हणाले, तिचंच का म्हणून, माझं पण घे. म्हटलं, पाठवा की. तर त्यांनी विहिरीवरच्या डिझेल इंजिनावर भलीमोठी नोट पाठवली. ते इंजिन म्हणे हँडल मारताना ठरावीक शिव्या ठरावीक क्रमाने दिल्या तरच उचलायचं, एक जरी मागेपुढे झाली तरी नुसतं फुसफुसायचं, आणि त्या शिव्या थोरल्यांकडून धाकट्यांकडे रीतसर आलेल्या होत्या. हे समजावं म्हणून तात्यांनी सगळा क्रम पहिल्यापासून म्हणून दाखवलाय, मधे दम लागतो तिथे थांबून, परत सुरुवातीपासून. मी ते टाईप कसं करायचं याच विचारात आहे, आणि तोवर तात्यांनी तीच नोट ग्रुपवर टाकली, तिथे नात्यातले झाडून सगळे आहेत, आत्याच्या नातवाच्या शाळेतल्या बाई पण.