काळी सिंगर घ्यावी का?

मंगळवार पेठेतल्या एका दुकानात पायडलची काळी सिंगर शिलाई मशीन दिसली आणि पाय तिथंच अडकला. साडेचार हजार सांगितले. मशीनवरचा नंबर ‘ई’ अक्षरानं सुरू होतो, म्हणजे स्कॉटलंडच्या क्लाइडबँकची. तो कारखाना १९८० मध्येच बंद पडला.

सोनेरी नक्षी पुसलीय, त्याचं काही नाही. चाक हातानं फिरवलं तर सुई वर येताना किंचित अडते. वाळलेलं तेल असेल, तर साफ करून मोकळं होईल. शटल, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन धरणारा भाग, काढून त्याचं टोक नखानं चाचपलं: गुळगुळीत, कुठंही खाच नाही. माझं मन तिथंच बसलं. शिवाय आपल्याकडे युनिफॉर्मचे एवढे कारखाने. दुरुस्तीला कारागीर मिळतोच.

आईच्या इरकलींची गोधडी शिवायचीय. उद्या चादरीचा तुकडा नेते, चौपदरी घडीवर टीप मारून बघते. टाका सुटला नाही, तर रिक्षा तिथूनच करणार.