कात्सचे व्हिडिओ आणि गोरिनोवना पत्र

माझं रशियन म्हणजे कारखान्यातलं रशियन. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये डिप्लोमा केला आणि पुढे वर्षानुवर्षं चाकण-भोसरीच्या कंपन्यांसाठी पंप, व्हॉल्व्ह, टेंडर आणि तपासणी अहवाल यांचीच भाषांतरं केली. मॉस्कोहून पाहुणे आले की दुभाषी म्हणून त्यांच्यासोबत फिरायचं, मोसम असला तर हापूस खायला घालायचा. राजकारणाचा विषय ते काढत नसत, मीही काढत नसे. फेब्रुवारी 2022 मध्ये युद्ध सुरू झालं आणि सोसायटीत, नातेवाइकांत जो तो विचारायला लागला, "अगं, तुला रशियन येतं ना? तिकडची माणसं काय म्हणतायत?" मला काही सांगता येईना.

सांगणारे गप्प केले जात होते, हेही एक कारण होतंच. 'एखो मस्क्वी' हे रेडिओ स्टेशन 1 मार्चला बंद पाडलं आणि दोन दिवसांत गुंडाळलंच. 'दोझ्द' ही टीव्ही वाहिनी 3 मार्चला थांबली. 4 मार्चला नवा कायदा आला : सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर 15 वर्षांपर्यंत तुरुंग. खोटं काय आणि खरं काय हे अर्थात संरक्षण मंत्रालय ठरवणार. ज्यांना बोलायचं होतं त्यांच्यापुढे दोनच वाटा उरल्या : तुरुंग किंवा परदेश. बहुतेकांनी देश सोडला आणि यूट्यूबवर बोलायला लागले.

त्यांच्यातला माक्सिम कात्स मी धरला, तो केवळ सोयीपोटी. हा माणूस रोज व्हिडिओ टाकतो, कॅमेऱ्याकडे बघून लिहिल्यासारखं नेटकं बोलतो, दोघातिघांच्या चर्चेतला गोंगाट नाही. सुरुवातीला वेग कमी करून, खाली आपोआप उमटणारी रशियन अक्षरं वाचत ऐकायचे. तरी अर्धं डोक्यावरून जायचं. व्याकरण येत होतं, शब्दही बहुतेक येत होते. पण 'त्या दिवशी बासमान्नीत जे झालं' असं तो सहज म्हणून जायचा आणि मी तिथेच अडायचे. बासमान्नी हे मॉस्कोतलं एक जिल्हा न्यायालय आहे आणि राजकीय खटल्यांमुळे ते नाव रशियनांच्या तोंडी बसलेलं आहे, हे मला कोण सांगणार?

मग वही घातली. व्हॉल्व्हच्या शब्दांसाठी पूर्वी घालायचे तशीच. एका पानावर कलमं : 207.3 म्हणजे सैन्याबद्दल 'फेक', 280.3 म्हणजे सैन्याची 'बदनामी'. दुसऱ्या पानावर न्यायालयं, तिसऱ्यावर माणसं. शुक्रवारसाठी वेगळं पान, कारण न्याय मंत्रालय 'इनोअगेंत' म्हणजे विदेशी हस्तकांची नवी नावं साधारण शुक्रवारी जाहीर करतं. एकदा यादीत नाव गेलं की साध्या पोस्टवरसुद्धा 'मी विदेशी हस्तक आहे' असा मजकूर डकवायचा, मंत्रालयाला हिशेब द्यायचे, आणि चुकलं तर आधी दंड, मग फौजदारी. कात्सचं नाव जुलै 2022 मध्ये आलं. पुढे ऑगस्ट 2023 मध्ये त्याला गैरहजेरीत 8 वर्षांची शिक्षा झाली. त्याच महिन्यात मायकेल नाकी आणि रुस्लान लेविएव या दुसऱ्या दोन यूट्यूबवाल्यांना 11-11 वर्षं. ही माणसं देशाबाहेर आहेत, त्यामुळे शिक्षा कागदावर आहे. पण परत जायची वाट बंद, आणि रशियाशी प्रत्यार्पणाचे करार असलेल्या देशात विमान बदलतानाही विचार करावा लागतो.

वहीतली माणसांची पानं भरत गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मॉस्कोच्या एकाच वॉर्डातली बरीच नावं पुन्हा पुन्हा येतायत. वॉर्ड म्हणजे क्रास्नोसेल्स्की. कात्स स्वतः 2012 मध्ये श्चुकिनो भागातून नगरसेवक झाला होता. तिथल्या नगरसेवकाच्या हातात काही नसतं. बाकं, झाडं, अंगणातली खेळणी, फार तर पार्किंग. पण 2017 मध्ये कात्स आणि दिमित्री गुदकोव यांनी याच बिनमहत्त्वाच्या निवडणुकीसाठी शेकडो नवखे उमेदवार उभे केले. फॉर्म कसा भरायचा, सह्या कशा जमवायच्या, पत्रक कसं छापायचं, सगळं तयार करून दिलं. त्यात क्रास्नोसेल्स्कीत विरोधकांचं बहुमत आलं आणि इल्या याशिन तिथला अध्यक्ष झाला. अलेक्सेई गोरिनोव नावाचे एक साठीला टेकलेले वकीलही त्याच परिषदेवर होते.

15 मार्च 2022 ला त्या परिषदेची नेहमीची सभा होती. विषयपत्रिकेवर लहान मुलांची चित्रकला स्पर्धा. गोरिनोव म्हणाले की युक्रेनमध्ये रोज मुलं मरत असताना आपण इथे मुलांच्या स्पर्धा कसल्या ठरवतोय, आधी युद्ध थांबवायला हवं. सभेचं चित्रीकरण यूट्यूबवर होतं आणि तोच पुरावा झाला. जुलैमध्ये 7 वर्षं. या नव्या कलमाखाली प्रत्यक्ष तुरुंगात गेलेला हा पहिला माणूस. निकालात 'पदाचा वापर करून' आणि 'संगनमताने' असे शब्द आहेत, कारण त्याच सभेत येलेना कोतेनोच्किना या बाईही तसंच बोलल्या होत्या. त्या देश सोडून गेल्या म्हणून वाचल्या. अपिलात शिक्षा कमी झाली ती एका महिन्याने. हा महिना कोणत्या तराजूत तोलला असेल, मला अजून कळलेलं नाही.

त्या खटल्याचा एक फोटो मी बराच वेळ बघत बसले होते. रशियात आरोपीला काचेच्या पिंजऱ्यात उभं करतात, वार्ताहर त्याला 'अक्वारियम' म्हणतात. आत करड्या केसांचे गोरिनोव, हातात काचेला टेकवून धरलेला कागद. त्यावर पेनाने गिरवून जाड केलेली अक्षरं : "तुम्हाला हे युद्ध अजून हवंय?" आणि बाहेरून एक पोलीस काचेवर हात आडवा धरून कागद झाकायला बघतोय. फोटोवाले दुसऱ्या बाजूने काढत असणार, कारण अक्षरं वाचता येतात.

याशिनची गोष्ट वेगळी. त्याने ठरवून देश सोडला नाही. एप्रिल 2022 मध्ये आपल्या चॅनेलवर त्याने युक्रेनमधल्या बुचा शहरातल्या हत्यांबद्दल थेट प्रक्षेपण केलं आणि डिसेंबरात त्याला साडेआठ वर्षं झाली. कात्सची 8 वर्षंही बुचाबद्दल बोलल्याचीच. जवळपास सारखा गुन्हा, जवळपास सारखी शिक्षा. एक इस्रायलमध्ये बसून रोज बोलत होता, दुसरा कोठडीतून पत्रं पाठवत होता. मग 1 ऑगस्ट 2024 ला अंकारात कैद्यांची मोठी अदलाबदल झाली आणि याशिनला विमानात बसवून जर्मनीत आणलं. दुसऱ्या दिवशी बॉनमध्ये पत्रकारांसमोर त्याने सरळ सांगितलं की मी याला संमती दिली नव्हती, मला हाकलून दिलंय. आणि माझ्याऐवजी गोरिनोवना सोडायला हवं होतं. आज याशिनही परदेशातून कॅमेऱ्यासमोर बोलतो. देश सोडलेल्यांच्या ज्या रांगेत जायचं नाही म्हणून तो तुरुंगात गेला, तिच्यात त्याला सरकारनेच नेऊन बसवलं.

या सगळ्यांचं सगळं पटतं असं नाही. कात्सला आशेची सवय आहे. 2024 च्या सुरुवातीला युद्धाला विरोध करणाऱ्या बोरिस नादेझ्दिनच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लोक थंडीत रांगा लावून सह्या करत होते, तेव्हा कात्सचे व्हिडिओ ऐकून असं वाटे की काहीतरी हलणार. निवडणूक आयोगाने सह्यांत दोष काढून अर्ज फेटाळला. मला त्याच्यापेक्षा राज्यशास्त्राच्या अभ्यासक एकातेरीना शुल्मान यांचं कोरडं बोलणं जास्त भावतं. बाई बर्लिनमधून कायद्याचा मसुदा हातात घेऊन पोटकलमासकट समजावतात आणि कसलीही आशा दाखवत नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये तर कात्सने विरोधी नेते नवाल्नींच्या संस्थेवरच लांबलचक आरोपांचा व्हिडिओ काढला, तिकडून उत्तरं आली, मग उत्तरांना उत्तरं. नवाल्नी गेले त्याला वर्षही झालं नव्हतं. मी ते भांडण अर्ध्यात सोडलं. दूर बसलेल्या माणसांना एकमेकांशी भांडायला वेळ फार मिळतो, असं माझं मत.

म्हणून एक नेम केला : व्हिडिओत खटल्याचा उल्लेख आला की मूळ बातमी शोधायची. 'मेदियाझोना' या स्वतंत्र बातम्यांच्या साइटचे वार्ताहर कोर्टात बसून मिनिटामिनिटाला काय झालं ते लिहितात. ते वाचलं की कोणता यूट्यूबवाला मीठमसाला लावतो ते कळायला लागतं. मॉस्कोच्या न्यायालयांचं सरकारी पोर्टलही आहे, प्रत्येक खटल्याची नोंद असते, पण रशियाबाहेरून ते बरेचदा उघडत नाही.

रशियाच्या आतून तर उलटी अडचण. 2024 च्या जुलै-ऑगस्टपासून तिथे यूट्यूब इतकं मंद केलं की चित्र गोलगोल फिरत राहतं. अधिकारी म्हणाले, गूगलने आपली यंत्रं सांभाळली नाहीत. माझ्या जुन्या कामातल्या एक बाई तिथे आहेत. फोनवर आम्ही नातवंडं आणि गुडघे याच विषयांवर बोलतो. एकदा त्या म्हणाल्या, "नातवाने फोनमध्ये काहीतरी घालून दिलंय, आता माझ्या स्वयंपाकाच्या पाककृती दिसतात." मी म्हटलं, छान. पुढे दोघीही त्यावर बोललो नाही.

पत्राचं डोक्यात आलं ते नोव्हेंबर 2024 मध्ये. गोरिनोवना तुरुंगातच नवा खटला लावला, सोबतच्या कैद्यांशी केलेल्या गप्पांवरून 'दहशतवादाचं समर्थन' म्हणून, आणि शिक्षा वाढवली. यूट्यूबवर ही मंडळी सांगत असतातच की राजकीय कैद्यांना पत्रं लिहा, ज्याला पत्रं येतात त्याच्यावर लोकांची नजर आहे हे तुरुंगाला कळतं. तुरुंग खात्याची स्वतःची ऑनलाइन पत्रसेवा आहे, पण आपल्या कार्डाने तिचे पैसे भरता येत नाहीत. त्यामुळे मी 'रोसउझनिक' या स्वयंसेवकांच्या गटाकडून पाठवलं. त्यांना मजकूर द्यायचा, पुढचं ते बघतात. कैद्याचं पूर्ण नाव पित्याच्या नावासकट आणि जन्मवर्ष लागतं. कैद्याला एका तुरुंगातून दुसऱ्यात नेत असले की त्याला 'एताप' म्हणतात. त्या काळात तो कुठे आहे हे घरच्यांनाही कळवत नाहीत आणि पत्रं मागेच राहतात.

पत्र रशियनमध्येच हवं, कारण आधी सेन्सॉर वाचतो. युद्ध नाही, खटला नाही, राजकारण नाही. मी निविदा सफाईने लिहिते, पण अनोळखी माणसाला साधं पत्र लिहायला बसले तर पहिलं वाक्य 'आपल्या दिनांकित पत्राच्या अनुषंगाने' या थाटाचं उतरलं. ते खोडलं. मग पावसाळ्यात सिंहगडावर काय काय उगवतं ते लिहिलं. लहानपणी लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनातून आणलेल्या स्वस्त, जाड कागदाच्या सोव्हिएत पुस्तकांबद्दल लिहिलं, आणि बर्फ म्हणजे काय हे मला त्यांतूनच आधी कळलं होतं हेही. भरल्या वांग्यांची कृती दिली, कढीपत्त्याला रशियनमध्ये काय म्हणावं यावर अडले आणि 'एक सुवासिक पान' असं लिहून मोकळी झाले.

उत्तर आलेलं नाही. पोचलं की सेन्सॉरने अडवलं, तेही कळलेलं नाही. दुसरं पाठवलंय.

ज्यांना लिहायचं असेल त्यांनी मला मराठीत पाठवा, भाषांतर मी करून देईन. एका पानात बसवा. झाडं, कुत्री-मांजरी, पुस्तकं, बुद्धिबळ, रेल्वेचा प्रवास, सगळं चालतं. क्रिकेट मात्र टाळा. एलबीडब्ल्यू समजावण्यात माझी दोन पानं गेली, आणि सेन्सॉरला ती सांकेतिक भाषा वाटली तर पंचाईत.