तुम्ही विचारलंत म्हणून: आडवी बाटली आणि माझा ग्लास

"तुझ्या आईनं गावात बाटली आडवी केली, आणि तू शहरात दर महिन्याला बाटल्या उघडून बसतेस. कसं जमतं गं तुला?"

लग्नाच्या पंगतीत मावशी विचारते, स्टाफरूममध्ये सहकारी विचारतात. गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थिनीनं मुद्दाम फोन करून विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. बाटल्या म्हणजे वाईनच्या. त्या चाखण्याच्या एका बैठकीला मी दर महिन्याला जाते. फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी आडवी बाटली म्हणजे काय ते. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर आपल्या राज्यात बायकांचं मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. नुसती जास्त मतं मिळून भागत नाही. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींचा शिक्का आडव्या बाटलीवर पडावा लागतो. त्या दिवशी जी कापूस वेचायला गेली, जी माहेरी अडकली, तिचं न पडलेलं मत उभ्या बाटलीच्याच कामी येतं. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात आई आणि तिच्या सोबतिणी महिनाभर रोज दिवेलागणीला दारोदार फिरल्या. मतदानाच्या सकाळी आईनं एका बाळंतिणीला रिक्षातून शाळेपर्यंत आणलं होतं, बाळ स्वतःच्या खांद्यावर घेऊन.

आईनं हे का केलं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. माझे धाकटे काका एक्केचाळिसाव्या वर्षी दारूनं गेले. ते प्यायला बसले की मी दाराआडून बघायची. डाव्या हाताच्या दोन बोटांनी नाक दाबायचं, ग्लास एका दमात रिता करायचा आणि मग डोळे मिटून जिभेवर मिठाची चिमूट ठेवायची. त्यांनी दारूची चव कधी घेतलीच नाही. ती लागू नये म्हणून तर नाक दाबायचे. तो चिमटीत धरलेला चेहरा माझ्या डोळ्यांपुढून कधी हलला नाही, आणि माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

वाईन म्हणजे दारू नव्हे, असं मी कुणालाही सांगत नाही. मी रसायनशास्त्र शिकवते. हातभट्टीत असतं तेच एथेनॉल वाईनमध्ये असतं, फक्त प्रमाण कमी, साधारण बारा-तेरा टक्के. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा बरेच जाणकार हिरिरीनं 'वाईन म्हणजे दारू नाही' म्हणत होते. मला ते तेव्हाही पटलं नाही. तेल-साबणाच्या शेजारी ती बाटली नकोच, असं माझं आजही मत आहे. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या जानेवारीत, जागतिक आरोग्य संघटनेनं स्वच्छ सांगितलं की आरोग्याला निर्धोक म्हणावं असं मद्याचं कोणतंही प्रमाण नाही. 'रोज एक ग्लास रेड, हृदयाला बरी' हे वाक्य आमच्या बैठकीत कुणी काढलं तर मी तिथल्या तिथे अडवते.

मग बैठकीत करतो काय?

छत्रपती संभाजीनगरात सिडकोतल्या एका निवृत्त इंजिनिअरांच्या घरी दुसऱ्या शनिवारी आम्ही जमतो. पंधरा जण. पंधराच का, याला हिशेब आहे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून ५० मिलिलिटरचे पंधरा वाटे होतात. प्रत्येकाकडे मद्यसेवनाचा परवाना असलाच पाहिजे, कारण १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून आपल्याकडे तो लागतो, मग बैठक घरात का असेना. चार बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असतात, वर नुसते आकडे. कुठली, केवढ्याची, कोणत्या सालची हे शेवटी कळतं. ग्लास पोटात रुंद आणि तोंडाशी निमुळता, म्हणजे वास आत कोंडून राहतो. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहायचा, वास घ्यायचा, ग्लास फिरवून पुन्हा वास घ्यायचा, घोटभर तोंडात घोळवायचं, पिकदाणीत थुंकायचं आणि वहीत लिहायचं. पिकदाणी खरीखुरी पितळी आहे. एका सदस्याच्या आजोळच्या वाड्यातून आली, आधी पानाची होती.

पुस्तकात लिहिलेलं असतं, रेड वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी. ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आमच्याकडे मे महिन्यात रात्री आठलाही भिंती धग टाकत असतात. तशी कोमट रेड तोंडात घेतली तर नुसता अल्कोहोलचा भपका येतो, बाकी काही कळत नाही. म्हणून रेडसुद्धा फ्रिजमध्ये ठेवतो आणि ओतण्याआधी वीसेक मिनिटं बाहेर काढतो. एवढ्यानं वाईन अगदी वेगळी वाटते.

माझ्या पहिल्या संध्याकाळी मी मुकी बसले होते. सगळे वहीतून वाचून दाखवत होते: ब्लॅककरंट, गूजबेरी, सीडार. घरी जाताना एकाला विचारलं, "ब्लॅककरंट खाल्लंय का हो कधी?" ते म्हणाले, "नाही बुवा." पंधरापैकी कुणीच खाल्लेलं नव्हतं. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये वाईनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. आत मोठे गट, बाहेर बारीक वास. काम फार मोलाचं आहे, मी ते भिंतीवर लावलेलं आहे. पण त्यांनी आपल्या माणसांच्या नाकाला ओळखीचे वास घेतले. आपणही तेच करायला हवं होतं, आणि आम्ही मात्र त्यांचे शब्द पाठ करत होतो.

चौथ्या की पाचव्या बैठकीला तीन नंबरची बाटली आली. रेड. सगळे तिच्यात काहीतरी चांगलं शोधत होते. 'जुनी आहे, मातकट आहे' असं कुणी म्हणालं. मी ग्लास नाकाशी नेला आणि मला आमची माळवदाची खोली दिसली. आषाढात माळवद गळायचं आणि ज्वारीची पोती तळातून ओल धरायची. आई रोज सकाळी वाकून एकेका पोत्याचा वास घ्यायची. डोळ्यांना पोतं कोरडंच दिसायचं, पण ती म्हणायची, "हे उन्हात काढा आजच," आणि उपसलं की तळाला ओंजळभर दाणे काळे पडलेले निघायचे. मी वहीत लिहिलं, 'भिजलेलं गोणपाट' आणि तसंच वाचून दाखवलं. आमच्यातल्या डॉक्टरांनी ग्लास पुन्हा उचलला आणि म्हणाले, "बूच लागलंय हिला." बुचात कधी कधी ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल तयार होतं, एका लिटरात दोन-चार नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं आणि ते फळाचा सगळा वास झाकून टाकतं. बाटली खराब होती. आईनं शिकवलेल्या वासानं मी ती ओळखली होती.

त्यानंतर आम्ही आमचं चक्र करायला घेतलं, एका मोठ्या कार्डशीटवर. जांभूळ, करवंद, पिकल्या कवठाचा गर, कच्च्या पेरूची साल, चिंचेचा कोळ, काकवी, ओला कडबा, नवी कोल्हापुरी चप्पल, पहिल्या पावसाची माती. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाईनला येणारा हिरवा वास म्हणजे चिरलेली ढोबळी मिरची. दोन्हींत पायराझिन गटातली तीच संयुगं असतात, म्हणजे हा भास नव्हे. रेड तोंडात घेतल्यावर हिरड्या आवळतात, त्याला पुस्तकात टॅनिन म्हणतात. आपल्याकडे तुरट हा शब्द आधीपासून आहे. जांभळं खाऊन झाल्यावर जीभ जशी खरबरीत होते, तेच ते.

नाकाला सहज फसवता येतं हेही तिथेच कळलं. फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी २००१ मध्ये एक प्रयोग मांडला होता. पांढऱ्या वाईनमध्ये बिनवासाचा लाल रंग घातला आणि वाईनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांपुढे ठेवली. त्यांनी तिचं वर्णन रेडला वापरतात त्या शब्दांत केलं. मी खाण्याचा रंग आणून आमच्याकडे तो करून पाहिला. आम्ही नऊ जण फसलो. रंग मी स्वतः घातला होता, तरी क्षणभर मलाही जांभूळ आल्यासारखं वाटलं. तेव्हापासून वर्गात प्रयोगाचं निरीक्षण लिहून घेताना मी मुलांना सांगते, आधी काय दिसायला हवं ते विसरा.

आता माझ्याबद्दल. इतक्या वर्षांत मी एकही घोट गिळलेला नाही. सगळा पिकदाणीत. तोंडातल्या तोंडात थोडं शोषलं जात असणार, ते मान्य. पण व्यसनाकडे जाण्याचा कल काही अंशी रक्तातून येतो, आणि माझ्या रक्तात काका आहेत. हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. लोक विचारतात, गिळायचंच नाही तर जातेस कशाला? वास घ्यायला जाते. त्या दहा मिनिटांच्या शांततेसाठी जाते. काका नाक दाबून जे चुकवायचे, ते मला उघड्या नाकानं समजून घ्यायचं होतं.

हे सगळं निर्मळ आहे असं दाखवायचं मला नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्यातले एक जण उरलेल्या बाटल्या घरी नेऊ लागले. कुणी काही बोललं नाही. सुशिक्षित माणूस, स्वभावानं गोड, वाईनची जाण उत्तम. मीसुद्धा बोलले नाही, आणि व्यसनाची ती चिन्हं मी तर लहानपणापासून ओळखायला हवी होती. एक दिवस त्यांच्या पत्नीचा फोन आला, तेव्हा शब्द फुटेना मला. आता ते व्यसनमुक्तीच्या बैठकांना जातात. आमच्याकडे येत नाहीत, यायलाही नको. आम्हीच अधूनमधून चहाला त्यांच्या घरी जातो. तेव्हापासून नियम आहे: दुसरा वाटा नाही, थुंकणं सर्वांना बंधनकारक, येताना-जाताना गाडी स्वतः चालवायची नाही आणि उरलेली वाईन सगळ्यांच्या देखत मोरीत. पहिल्यांदा ओतली तेव्हा काहींना जीव तुटल्यासारखं झालं. मला नाही झालं.

'मराठवाड्यात कसली आलीये वाईन', असंही लोक म्हणतात. मुहम्मद बिन तुघलकाच्या काळात दौलताबादला आलेला प्रवासी इब्न बतुता तिथल्या द्राक्षांबद्दल आणि डाळिंबांबद्दल लिहून गेला आहे की ती वर्षातून दोनदा येतात. आमच्यात जालन्याकडचे एक द्राक्षबागायतदार आहेत. त्यांना हे वाचून दाखवलं तर ते हसले, म्हणाले, "वेल तर अजून दोनदा जोर धरतो की. आम्ही एप्रिलात खरड छाटणी करतो, ऑक्टोबरात फळछाटणी. पीक मात्र एकच घेतो." त्यांची द्राक्षं खायची, पातळ सालीची, बिनबियांची, मोठ्या मण्यांची. वाईनला उलट हवं: मणी बारीक, साल जाड, आत बी, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो, गर बहुतेक जातींचा पांढराच. मणी फुगवण्यात अर्धं आयुष्य गेलेल्या त्या माणसाला बारीक मण्याचं कौतुक ऐकताना मी पाहिलंय. ते पुन्हा पुन्हा विचारत होते, "म्हणजे मुद्दाम लहान ठेवतात?"

आई गेल्या हिवाळ्यात डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे राहायला होती. त्या महिन्यात बैठक माझ्याकडे ठेवायची पाळी आली होती, ती मी टाळली आणि इंजिनिअरांकडेच ठेवली. तिच्या देखत घरात बाटली नको होती मला. फक्त माझा ग्लास मी न धुता फडक्यात गुंडाळून घरी आणला. सुकलेल्या ग्लासात सकाळी काय उरतं ते मला पाहायचं होतं. वाईन शिराझ नावाच्या द्राक्षाची होती. शिराझमध्ये रोटंडोन नावाचं संयुग सापडतं, तेच मिऱ्यांमध्ये असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते २००८ मध्ये ओळखून काढलं. साधारण पाचांतल्या एकाला त्याचा वासच येत नाही. आमचे डॉक्टर त्यातलेच. सगळे 'मिरे, मिरे' म्हणत होते आणि ते बिचारे पुन्हा पुन्हा ग्लास हुंगत होते.

सकाळी उठून पाहते तर आई ओट्यापाशी उभी. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात माझा ग्लास. नाक पार आत घातलेलं, पोत्याचा वास घ्यायची तशी, कंबरेतून वाकून. मी दारातच थांबले.

"काहून गं," ती मान न वळवता म्हणाली, "ह्याच्यात मिरे कुटून टाकले व्हते का?"

"नाही. त्यात असतात ते. आपले आपण."

तिनं पुन्हा वास घेतला, बराच वेळ. "अन् मागून जांभळाच्या बियाचा येतो. वाळलेल्या."

ते आमच्या पंधरा जणांपैकी कुणाच्याच वहीत नव्हतं.

"तुपल्या काकाच्या ग्लासाचा असा नव्हता येत," ती म्हणाली. मग नळ सोडला, साबण घेतला, ग्लास दोनदा घासला, उजेडात धरून एका डोळ्यानं पाहिला, तिसऱ्यांदा विसळला आणि ओट्यावर पालथा घातला.