अर्चिनचे दात आणि शहाबादी फरशी: टँकची ताजी नोंद

फरशीवर खुणा उमटल्या! एका बिंदूतून फुटलेल्या पाच पांढऱ्या रेघा. अर्चिनला, म्हणजे शेवाळ चरणाऱ्या काटेरी गोल समुद्रजीवाला, दात पाचच असतात, त्यामुळे शंकेला जागा नाही.

नव्यांसाठी सांगतो: अर्चिन शेवाळ चरताना खालचा खडकही खरवडतो का, ते मी पाहतोय. नाशिकच्या या खाऱ्या टँकमध्ये जिवंत प्रवाळ नाही आणि आणणारही नाही, वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. म्हणून प्रवाळखडकाच्या जागी शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला, तीही चुनखडीच. शेजारी आपल्याकडचा काळा दगड. शेवाळ दोन्हींवर धरलं, अर्चिनने दोन्हींवरचं चरून साफ केलं. काळ्या दगडावर मात्र ओरखडा दिसत नाही.

समुद्रातही असंच होतं. शेवाळ चुनखडीत रुतलेलं असतं, ते खाताना खडक खरवडला जातोच. पॅरटफिश हा मासा तर चोचीने लचका तोडतो, घशातल्या दातांनी दळतो आणि वाळू मागे सोडतो. टेंगळाच्या कपाळाचा सर्वांत मोठा पॅरटफिश वर्षाला पाच टनांहून जास्त चुनखडी पोटात घालतो! मालदीवच्या वक्करू बेटाभोवती तयार होणाऱ्या नव्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून जास्त पॅरटफिशची असते. म्हणजे खडक झिजतो आणि त्यातूनच बेटाला वाळू मिळते.

म्हणून चरणाऱ्यांना खडकाचे शत्रू म्हणणं मला पटत नाही. 1983-84 मध्ये कॅरिबियनमधले 90 टक्क्यांहून जास्त डायडेमा जातीचे अर्चिन रोगाने मेले. जमैकात मासेमारीने चरणारे मासे आधीच घटले होते, तिथले खडक शेवाळाखाली गेले आणि कोवळ्या प्रवाळाला रुजायला जागा उरली नाही. पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांवर उलट घडलं. 1982-83 च्या एल निनोत, म्हणजे समुद्राचं पाणी तापलं तेव्हा, प्रवाळ मेलं, अर्चिन राहिले आणि त्यांनी मेलेला सांगाडा कुरतडत नेला. प्रवाळाची बांधणी झिजेच्या पुढे असेल तोवरच चरणं खडकाला मानवतं.

माझ्या अर्चिनच्या लेंड्याही तपासल्या. गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून व्हिनेगरचा थेंब टाकला की फसफसतात. पण एवढ्याने फरशीच झिजली असं म्हणता येणार नाही, कारण टँकच्या काचेवरच्या गुलाबी कोरलाइन शेवाळातही चुना असतो. खरा निकाल वजनच देईल. त्यासाठी त्याच फरशीचा दुसरा तुकडा सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या, त्याच पाण्याच्या वेगळ्या टाकीत) ठेवलाय, तिथे अर्चिन पोहोचत नाही. दोन्ही आधी सोनाराच्या काट्यावर तोलून घेतलेत. उन्हाळा सरला की कोरडे करून पुन्हा तोलेन.

कुणाकडे शेवाळ चरणाऱ्या टर्बो या समुद्री गोगलगायी असतील तर त्यांनीही फरशीचा तुकडा ठेवून पाहा. त्यांच्या चरण्याच्या खुणांचे फोटो मला हवे आहेत.