बायरॉइटमधले ओसोग्बो

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गहून तासाभराच्या रेल्वेप्रवासानंतर बायरॉइटला उतरणारे बहुतेक पाहुणे उत्तरेकडच्या टेकडीवरील संगीतकार वाग्नरच्या नाट्यगृहाची वाट धरतात. मी मात्र जुन्या गावाकडे वळलो, कारण मला 'इवालेवाहाउस' हे आफ्रिकी कलेचा संग्रह असलेले केंद्र पाहायचे होते. नायजेरियातल्या योरुबा भाषेतल्या या नावाचा अर्थ 'शील हेच सौंदर्य' असा सांगतात. 'इवा' या एकाच शब्दात शील आणि अस्तित्व असे दोन्ही अर्थ आहेत, हे कळल्यावर दारावरची पाटी मी पुन्हा एकदा वाचली.

आफ्रिकी कलेचे जर्मन अभ्यासक उली बायर यांनी १९८१ मध्ये बायरॉइट विद्यापीठात ही संस्था सुरू केली. त्याआधी नायजेरियातल्या ओसोग्बोत त्यांचे वास्तव्य होते आणि १९६०च्या दशकात तिथे भरलेल्या कार्यशाळांतून ट्विन्स सेव्हन सेव्हन, मुरैना ओयेलामी, जिमोह बुराइमोह असे चित्रकार पुढे आले. ट्विन्स सेव्हन सेव्हन यांच्या भुताखेतांनी गच्च भरलेल्या चित्रापुढे मी बराच वेळ उभा होतो. रेषेने बोटभरही जागा मोकळी सोडलेली नव्हती.

पण मला ओढ होती ती २०१३ ते २०१५ या काळात इथे झालेल्या 'मॅशअप द अर्काइव्ह' या उपक्रमाची. नैरोबीशी नाते असलेले कलावंत सॅम हॉपकिन्स यांच्या सहभागाने समकालीन कलावंतांना बोलावून इथला संग्रह त्यांच्यापुढे ठेवला गेला, आणि तोही केवळ पाहण्यासाठी नव्हे, तर त्यातून नवे काही घडवण्यासाठी. संशोधक नोंदवहीतला क्रमांक सांगून हवी ती वस्तू मागतो आणि काम झाले की ती होती तिथे परत जाते; कलावंत मात्र दोन वेगळ्या कपाटांतल्या वस्तू शेजारी ठेवतो, एखादीची नक्कल करतो, एखादीची थट्टाही करतो. संग्रह सांभाळणाऱ्याला हे पेलणे सोपे नसावे. शिवाय मूळ चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा हक्क उरतोच. दुसऱ्याच्या चित्रावर हात चालवण्याची परवानगी कपाटाची किल्ली जवळ असलेल्याने एकट्याने देऊन भागत नाही.

संगणकावर चित्रांच्या प्रती पाहता येतात, हे खरे. पण कागदाची जाडी, मागच्या बाजूची पेन्सिलीची टिपणे आणि जुन्या घड्या प्रत्यक्षच पाहाव्या लागतात. मला त्यासाठी न्यूरेंबर्गचे एक तिकीट पुरले. ओसोग्बोतल्या तरुण चित्रकाराला मात्र आपल्याच गावात रंगवलेले चित्र हाती घ्यायचे, तर आधी व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागते.